ऑइल कूलर आणि माझा झेंडूचा हार

मंडळींनो, आज जीव भांड्यात पडला. माझ्या नातीच्या, तन्वीच्या स्पोर्ट्स कारचं इंजिन ऑइल आंबोली घाटात फार तापायचं. बाप म्हणालेला, पुन्हा तापलं तर गाडी विकायची. म्हणून तिने ऑइल कूलर बसवला, पुढच्या जाळीमागे, वारा लागेल असा.

मी सकाळी देवाला गाऱ्हाणं घालून जाळीवर परसातल्या झेंडूचा जाडजूड हार बांधला. घाटात ऑइलच्या तापमानाचा काटा परत वर. पोर रडवेली होऊन उतरली, पुढे बघायला गेली.

"आज्ये, तुझो हार कूलरच्या आड इलोहा. वारो लागतलो खंयसून?"

"मगे काढ तो. माका काय म्हायत?"

हार काढला, जरा थांबून निघालो. आंबोली येईपर्यंत काटा काही चढला नाही. गाडी वाचली.

हाराचं तिच्या बापाला अजून सांगितलेलं नाही. सांगू काय, बायांनो?