चार पॅनेल, एक तार

भारनियमनाची ती वर्षं. मंगळवार पेठेत वीज गेली की तासन् तास यायची नाही, आणि आईला दमा. औषधाची वाफ देणारं तिचं यंत्र विजेवर चालायचं. म्हणून मी गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं. तेव्हा आमच्या गल्लीत कुणाकडंच ते नव्हतं.

थोरला भाऊ वारणानगरला साखर कारखान्यात वायरमन होता. सुट्टी काढून आला, गच्चीवर उकिडवा बसला आणि म्हणाला, "चारी पॅनेल एका तारेत ओवू नगंस. एकावर सावली पडली की चारींचं काम थांबतंय बघ. परत्येकाला बॅटरी भरणारा वेगळा चार्जर दे."

दुकानदारानं मला उलट सांगितलं होतं. एक तार, एक चार्जर, सुटसुटीत काम. त्याचा छापील कागद माझ्या हातात होता.

"हितं सावली कुठली आलीय? तुझं कारखान्यातलं शहाणपण तिथंच ठेव की."

आई दारात उभी होती. भाऊ उठला, पॅन्ट झटकली आणि जिना उतरून गेला.

वर्षभर सगळं ठीक चाललं. मग दक्षिणेकडच्या शेजाऱ्यानं गच्चीवर पाण्याची टाकी बांधली. दिवाळीनंतर सूर्य कलला, तशी टाकीची सावली कडेच्या पॅनेलवर येऊन बसायला लागली. कपडे वाळत घालताना ती मला रोज दिसायची. एकाच तर पॅनेलवर आहे, असं मी मनाशी म्हणायचो. बॅटऱ्या भरत नाहीत हे मानलं असतं, तर भावाला फोन करावा लागला असता.

त्याच थंडीत एका संध्याकाळी वीज गेली आणि आईला दम लागला. यंत्र पाचेक मिनिटं घरघरलं आणि बंद पडलं. तिनं तोंडावरचा मास्क काढून माझ्याकडं बघितलं. बोलण्याइतका श्वास तिच्यापाशी नव्हता. रिक्षातून दवाखान्यात पोचेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते.

ती वाचली. चार दिवसांनी भाऊ आमच्या गच्चीवर चढला. त्यानं चार वेगळे चार्जर लावले, सावलीतलं पॅनेल दुसऱ्या कोपऱ्यात हलवलं. मी पक्कड घेऊन शेजारी उभा होतो.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

स्क्रू आवळता आवळता त्यानं विचारलं, "आईची कापडं कुठल्या पेटीत हाईत?"

वारणानगरला कारखान्याच्या वसाहतीत त्याच्या घराला कारखान्याचीच वीज होती, ती सहसा जात नसे. तो आईला तिकडं घेऊन गेला. निघताना ती मला म्हणाली, "तुझ्यावर राग न्हाय रं. पर दिवं गेलं की हितं मला भ्या वाटतंय."

दर रविवारी मी एसटीनं वारणानगरला जायचो. भाऊ चहा द्यायचा, उसाच्या हंगामाचं बोलायचा. गच्चीचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. तीन वर्षांनी आई तिथंच गेली. तोवर आमच्या घरात दिवा एकदाही विझला नव्हता. भावाचं काम पक्कं होतं.