मिसाईलला रंग दिसला तेव्हा

मृत्युंजय कलशेट्टीचा टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. तिथं टॉवेलचा रंग सोडून सगळं मृत्युंजय ठरवतो. रंग ठरवते त्याची बायको, शिवलीला, कारण नवऱ्याला लाल आणि हिरवा एकसारखेच दिसतात.

याच कारणानं त्याचं वैमानिक होणं राहिलं. बारावीनंतर तो हवाई दलाच्या निवडीला गेला होता. लेखी परीक्षेत पास झाला, मुलाखतीत पास झाला, पळण्यात तर तो सगळ्यांच्या पुढं होता. मग डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं एक पान पुढं धरलं आणि त्यात कुठला आकडा दिसतो ते विचारलं. मृत्युंजयला ठिपके दिसले, आकडा काही दिसेना. मिळेल त्या गाडीनं तो सोलापूरला परतला. वडिलांनी, शरणप्पांनी, एक अक्षर न विचारता त्याला कारखान्यात यंत्रमागावर उभं केलं. आभाळाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

तो निघाला चाळिशी उलटल्यावर. सात रस्ता चौकात गुरुराजचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. हा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं कारखान्याच्या केबिनमध्ये मोठा पडदा, कॉम्प्युटर आणि विमानातल्यासारखा दांडा बसवून दिला, आणि लढाऊ विमानांचा एक परदेशी गेम घालून दिला. तेव्हापासून दुपारी जेवण झालं की केबिनच्या दारावर ‘मीटिंग चालू आहे’ अशी पाटी लागायची. आतून “मागं बघ बे! मागं हाय!” असा आरडाओरडा यायचा. मागवाल्यांना वाटायचं, मालक सुरतेच्या व्यापाऱ्याशी भांडतायत.

गेममध्ये मृत्युंजय आणि गुरुराज जोडीनं उडायचे आणि जोडीनं जिंकायचे. पण जिंकून मृत्युंजयचं समाधान होईना. शत्रूचं मिसाईल विमानाच्या गरम धुराड्याच्या मागं लागतं. ते आलं की बटण दाबायचं, शेपटाकडून जळते फ्लेअर सुटतात, आणि मिसाईल खुळ्यासारखं त्या जाळाच्या मागं निघून जातं. दर वेळी, न चुकता.

“असं नसतंय,” तो गुरुराजला म्हणाला. “हल्लीचं मिसाईल उष्णतेचे दोन रंग बघतंय. फ्लेअरचा जाळ येगळा, इंजिनाची धग येगळी. त्याला फरक कळतोय.”

“मग?”

“मग काय? ह्यांचं मिसाईल रंगांधळं हाय.”

गुरुराजनं चहाचा कप खाली ठेवला आणि दोस्ताच्या तोंडाकडं नीट बघितलं. हा माणूस हे बोलताना हसत नव्हता.

मृत्युंजयनं गेमच्या वेबसाइटवरच्या चर्चामंडळावर तक्रार टाकली, मग दुसरी, मग आकृत्यांसह तिसरी. फ्लेअर मिसाईल सुटायच्या आधी टाकले तरच उपयोग व्हावा, इंजिन पूर्ण पेटवून पळणारा वाचता कामा नये, असं त्यानं ठासून मांडलं. देशोदेशीची माणसं त्याला पाठिंबा द्यायला लागली. आपल्याला लोक मानतात, हे त्याला फार दिवसांनी जाणवत होतं. शिवलीलानं विचारलं, “रोज येवढं काय लिवताय हो?” तर म्हणाला, “तंत्रज्ञानाचं काम चालू हाय.”

वर्षभरानं गेमची नवी आवृत्ती आली. कंपनीनं त्याची मागणी तंतोतंत मान्य केली होती. मृत्युंजयनं अख्ख्या कारखान्याला पेढे वाटले आणि तो केबिनचं दार लावून विमानात बसला.

धावपट्टी सोडून जरा वर जातोय तोच मागून मिसाईल आलं. त्यानं सवयीनं इंजिन पेटवलं, बटण दाबलं. फ्लेअर झकास फुलले. मिसाईलनं त्यांच्याकडं ढुंकूनही न बघता विमानाचे तुकडे केले. पुढच्या खेपेलाही तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. इतक्या वर्षांत त्याला एकच युक्ती येत होती आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं मोडीत काढली होती.

“नाव मृत्युंजय, आन् रोज मरतोय की बे!” गुरुराज फोनवर ओरडला. तोही पडला होता. “लिही त्यांना. म्हणावं, पहिल्यागत करा.”

मृत्युंजय लिहायला बसला. ‘सूर्य समोर असताना मिसाईल थोडं गोंधळायला हवं’ इथपर्यंत आला आणि थांबला. आपण वास्तवासाठी भांडतोय की जिवासाठी, हे त्याचं त्यालाच कळेना. त्यानं सगळं पुसून टाकलं.

गुरुराजनं मात्र लगेच वाट काढली. मिसाईल आता चुकत नाही, तर ते आपल्याकडंच असलेलं बरं, म्हणून तो सरळ शत्रूच्या बाजूला गेला. रोज दुपारी तो मृत्युंजयला पाडायचा आणि संध्याकाळी त्याच्याच केबिनमध्ये येऊन चहा प्यायचा.

“राग तर न्हाय ना?”

“कशाचा? बरोबर पाडलास. आसंच व्हायला पायजे,” मृत्युंजय म्हणायचा, आणि कप जरा जोरातच ठेवायचा.

मग त्यानं नव्यानं उडायला शिकायला घेतलं. इंजिन मंद ठेवायचं, डोंगराच्या आडोशानं जायचं, मिसाईल सुटायच्या आधीच अंदाजानं फ्लेअर सोडायचे. एका दुपारी तो असा खालून, दबकत, आभाळात जणू कुणी नाहीच अशा बेतानं गेला. गुरुराज वर घिरट्या घालून दमला. मृत्युंजयनं एकही गोळी न झाडता विमान परत आणून धावपट्टीवर टेकवलं. पडद्यावर अक्षरं आली, ‘मोहीम अयशस्वी’.

दार ढकलून शिवलीला आत आली. नवरा खुर्चीवर घामाघूम होऊन हसत बसला होता.

“जिकला काय?”

“न्हाय गं, हरलो.”

“मग दात का दिसतायत?”

“सगळा येळ जिवंत हुतो की,” मृत्युंजय म्हणाला, आणि गुरुराजला फोन लावायला त्यानं हात पुढं केला.