तारांच्या जाळ्यातल्या गाठी

आमच्या घरी एक नियम होता: फाटकं जाळं पाण्याला दाखवायचं नाही. पवनीजवळच्या आमच्या तलावावर कोणाचंही जाळं उसवलेलं दिसलं, की बाबा त्याला काठावरच बसवून ठेवत आणि बांबूच्या सुईनं स्वतः सांधून देत. त्या वेळचे बाबा आठवले की अजून बरं वाटतं.

मग लकवा आला. उजवा हात गेला. आई रोज सुई त्यांच्या बोटांत अडकवून बघायची, ती खाली पडायची. दोन वर्षं आम्ही एवढ्याचीच वाट पाहत होतो, की बाबांनी एक तरी गाठ मारावी.

मी तेव्हा नागपुरात कला शिकून मोठा शहाणा होऊन आलो होतो. बाबांच्याच जुन्या जाळ्यात मी बारीक तारा आणि दिवे ओवले. मासा जवळून गेला, पाणी हललं, की सेन्सर ते ओळखणार आणि दिवे पेटणार. माणसाचे हात, तलाव आणि यंत्र, सगळं एका जाळ्यात, असं मी गावभर सांगत सुटलो होतो.

संध्याकाळी गाव बघायला येणार होतं. सकाळी बॅटरी आणायला पवनीला गेलो. दुपारी तलावाच्या काठावर, जाळ्यापाशी परतलो तर सेन्सरसाठी मोकळी सोडलेली तारांची टोकं कापून ओळीनं गाठी मारलेल्या. शेजारी बाबा बसलेले.

"बाबा, कायले हात लावला तुमी?" मी ओरडलोच.

"फाटलं होतं ना. तसंच कसं जाऊ देऊ पाण्यात?"

रागानं मला दुसरं काही दिसेना. कटर घेतलं आणि एकेक गाठ कापून काढली. तारा नव्यानं जोडल्या. संध्याकाळी दिवे पेटले, पोरंसोरं नाचली, सगळ्यांचे मोबाइल वर झाले. मी नुसता फुशारलो होतो.

घरी आई जेवायला वाढेना. "साऱ्या कापल्या तू?" तिनं विचारलं. "तीन घंटे लागले त्यायले. एक टोक दातात धरून डाव्या हातानं मारून राहिले होते. तू आधी घरी येशील म्हणून इथं थांबली होती मी, तुले नेऊन दाखवाले."

तेवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. अंगणात बाबांजवळ गेलो. म्हटलं, "बाबा, उद्या पुन्हा मारून द्या."

"राहू दे," ते म्हणाले. "बिजलीचं काम मले कुठं समजते? तुयं बरोबर होतं."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यांनी कुठल्याच जाळ्याला हात लावला नाही.