लस कायच्यात वाढते

शिरपूरला रजेवर आलो की पहिले दोन दिवस मी नुसता झोपून काढायचो. आईला वाटायचं, शहरातली नोकरी, दगदग असणारच. दगदग होतीच म्हणा. पण कामापेक्षा लपवालपवीनंच मी जास्त शिणलो होतो.

आणीबाणीच्या आसपासचे दिवस. मी गुरांची लस बनवणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत होतो. सकाळी कत्तलखान्यातून रेडकांची मूत्रपिंडं यायची. ती बारीक चिरायची, औषधात ढवळून पेशी सुट्या करायच्या, कापडातून गाळायच्या आणि बाटल्यांत पोसायच्या. काचेवर त्यांचा पातळ थर धरला की बुळकांडीचा, म्हणजे गुरं पटापट मारणाऱ्या साथीचा, कमजोर केलेला विषाणू आत सोडायचा. तो वाढायचा, पेशी मरायच्या. मग ते पाणी यंत्रात गरगर फिरवून मेलेल्यांचा गाळ खाली बसवायचा आणि वरचं नितळ तेवढं कुप्यांत सुकवायचं. रोज तेच. खांदे भरून यायचे, अन् जेवणावर वासना राहायची नाही.

आम्ही जैन. आई पाणी गाळायची आणि कापडावरचे जीव पुन्हा विहिरीत सोडून यायची. तिला मी एवढंच सांगितलं होतं, की बाटल्यांत लस वाढवतो.

त्या रजेत आसेगावकडं बुळकांडी लागली. मालेगावहून गुरांचे डॉक्टर मोटारसायकलवर बर्फात लस घेऊन आले आणि आमच्या दारात थांबले. लशीत रक्तमांस असतं, असं गावात कोणी तरी उठवलेलं. आईनं म्हशीचं दावं धरून ठेवलं आणि मला विचारलं, "हे कायच्यात वाढते? खरं सांग मले."

खरं सांगितलं तर ती टोचू देणार नाही, आणि न टोचता म्हैस गेली तर ते माझ्याच माथी. एक थाप पुरली असती. पण कंटाळलो होतो हो मी थापांना.

"रेडकाच्या मूत्रपिंडात," मी म्हणालो.

"मेलेल्या?"

"मारलेल्या."

ती बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. यानं जनावरं वाचतात का, एवढं तिनं डॉक्टरांना विचारलं. ते हो म्हणाले. तिनं दावं आवळून धरलं आणि त्यांना टोचायला सांगितलं.

संध्याकाळी तिनं चुलीवर कोरा चहा ठेवला. मी दुधाचं विचारलं, तर म्हणाली, आजपासून दुधाचा त्याग. मग माझ्याकडं न बघता बोलली, "त्या रेडकाची माय पान्हावली असन ना रे?"

इतक्या वर्षांत हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. लाज वाटली.

म्हैस जगली. आई पुढं पुष्कळ वर्षं होती, पण दुधाला शिवली नाही. मला तिनं कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. दर रजेत त्याच म्हशीचं दूध पेला भरून माझ्यापुढं ठेवायची आणि म्हणायची, "पी बाबू, लय थकून राह्यला तू."

मी प्यायचो.