चार पुंगळ्या आणि मेंढीचं मलम

व्हेस्टाने ऑरिन हॉगनला पहिल्यांदा पाहिलं ते अंड्यांची टोपली हातात धरून, त्याच्या शेडच्या खिडकीतून. डोळ्याला भिंग, पुढ्यात इवलासा काटा, बोटांत काहीतरी पिवळंधमक. पोरगी हरखलीच. सोनार! आयडाहोच्या डोंगरांत, आपल्या सॅमन गावात, चक्क सोनार! लग्नानंतर कळलं, पिवळं होतं ते पितळ, आणि काट्यावर तोलत होता ती बंदुकीची दारू. हे सांगताना ती अजून पोट धरून हसते. "सोन्यासाठी उडी मारली बाई, आणि पडले काडतुसांच्या पुंगळ्यांत!"

बरं, काडतूस तरी चारचौघांसारखं असावं? नाव नको. ऑरिनने ते स्वतःच्या डोक्यातून काढलेलं. कुठल्याशा जुन्या दांडग्या काडतुसाची पुंगळी घ्यायची, साच्यात दाबून तिची मान आवळायची, एकदा उडवून तिचे खांदे फुगवायचे, आणि मग दर वेळी पुन्हा साच्यातून काढून हाताने भरायची. अख्ख्या पृथ्वीवर ती एकाच बंदुकीत बसायची. साचाही एकच. तो घडवणारा दोस्त कधीच मातीखाली गेला, आणि जुनी पुंगळी बनवणारा कारखानाही बंद पडला.

शेजारचा मेंढपाळ म्हातारा एचेवेरी विचारायचा, "का रे, बूटही स्वतःच शिवतोस का?"

या काडतुसाने मूस पाडायचा, एवढं एकच ऑरिनचं वेड. मूस म्हणजे हरणाच्या कुळातलं, घोड्याहून उंच जनावर. त्याचा परवाना सोडतीत निघतो आणि नरासाठी तो जन्मात एकदाच मिळतो. सव्वीस वर्षं ऑरिनने नाव घातलं, सव्वीस वर्षं कोरडा. यंदा त्याने चिडून बायकोचंही नाव घातलं, आणि तिचंच निघालं. म्हणजे गोळीही तिनेच घालायची.

यंदाच ऑरिनच्या नाकात प्राणवायूची नळी आली. खुर्चीपासून शेडपर्यंत जायचं तर तो वाटेत दोनदा थांबायचा. डॉक्टरीणबाई व्हेस्टाला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, नाताळ दिसला तर नशीब.

गुरुवार उजाडला. शिकारीचा हंगाम रविवारी संपणार. धड पुंगळ्या उरल्या होत्या चार.

व्हेस्टा औषधं घेऊन दुकानातून आली, तर ऑरिन शेडमध्ये दाबयंत्रावर कपाळ टेकून बसलेला. ओठ निळे.

"काय झालं? ऑरिन! बोल की!"

"अडकली."

"नळी?"

"पुंगळी. साच्यात."

सरकायला लावायचं मलम कमी असताना पुंगळी साच्यात घालू नये, हे या माणसाने निम्म्या गावाला शिकवलेलं. पण त्याच्या आवडत्या मलमाची शेवटची डबी तळाला गेली होती. राईएवढं पुसलं, दांडा ओढला, आणि जगातला एकुलता साचा बंद पडला.

"मी कधीची सांगतेय, एचेवेरीकडचं मेंढीच्या लोकरीचं मलम लाव म्हणून!"

"त्याने पुंगळीच्या खांद्याला खळगा पडतो," ऑरिन धापा टाकत म्हणाला. मरायला टेकला होता, पण हार मानील तर शपथ.

एचेवेरी आला, बघितलं, टोपी काढली. "व्हेस्टा, माझी बंदूक घे. दुकानातली काडतुसं, पेटीभर. मुसाला काय कळतंय कोणी घडवलं ते?"

"त्याला नाही कळणार," ती खुर्चीकडे बघत म्हणाली. "याला कळेल."

आतलं पितळ आकसावं म्हणून तिने साचा तासभर फ्रीजरमध्ये ठेवला. मग पुंगळीच्या बुडाला भोक पाडायला बसली. गिरमिट जरा आत घसरलं असतं तर साच्याला चरा, आणि सगळं संपलं. मागे नळीची फुसफुस चालू.

"सावकाश," ऑरिन म्हणाला.

"गप्प बस, नाहीतर तुलाच भोक पाडीन."

भोकात आटे पाडले, बोल्ट पिळला, पान्याने ओढ दिली. हलेना. पुन्हा. तिला रडू फुटलं, ते तिने शिंक म्हणून खपवलं. तिसऱ्या ओढीला खट्ट झालं आणि पुंगळी बाहेर आली. ती गेली कामातून, पण साचा गुळगुळीत.

राहिल्या तीन. व्हेस्टाने न विचारता एचेवेरीचं मलम बोटावर घेतलं, अगदी पातळ पुसलं आणि एकेक दाबली. सरसर गेल्या. एकीची मान मात्र म्हातारी होऊन तडकलेली निघाली. उरल्या दोन. त्यांच्या बुडात ठिणगीची टोपी, पोटात तोललेली दारू, तोंडाशी गोळी. प्रत्येक वजन, आणि दोन्ही पुंगळ्यांचे खांदेही, ऑरिनने भिंगातून स्वतः पाहिले.

शुक्रवारी काही दिसलं नाही. शनिवारी ओढ्याकाठच्या झुडपांत मूस दिसला, पण फार लांब. तिची पहिली गोळी मातीत गेली. घरी येऊन तिने ते सांगितलं, तर ऑरिन भिंतीकडे तोंड करून झोपला. जेवला नाही.

रविवारी सकाळी तिने बूट चढवले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "जवळ जा."

ती पोटावर सरपटत गेली. बाई साठीची, गुडघ्यांची बोंब, अंगाखाली बर्फ. मूस पाणी पिऊन मान वर करीपर्यंत तिने श्वास धरला. एकच काडतूस. चाप ओढला. खांद्याला असा धक्का बसला की दात वाजले.

दुपारी एचेवेरीचा ट्रक अंगणात वळला. मागे मांसाचे ढीग आणि ती रुंद शिंगं. ऑरिन दारात उभा, नळी ताणलेली, गाल ओले. शिंगांना त्याने नुसता हात लावला. मग तळवा पुढे केला.

"पुंगळी कुठंय?"

तिने खिशातली काढून दिली. "धुंडाळ आता. कुठला खळगा तुझा?"

"उडवल्यावर खळगा भरून निघतो. याने काही सिद्ध होत नाही."

"मग गुरुवारचं विसरलास? उडवण्याआधीच तू दोन्ही भिंगाखाली फिरवल्यास. तेव्हा दिसला होता?"

ऑरिनने पुंगळी बोटांत फिरवली. एचेवेरी खोकल्याच्या आडून हसला.

"वही काढ," व्हेस्टा म्हणाली.

त्याने काडतुसं भरण्याच्या नोंदींची जुनी वही ओढली. वाकड्या अक्षरांत लिहिलं: मेंढीचं मलम चालतं.

तिने वही फिरवून वाचली, परत त्याच्यापुढे सरकवली.

"'चालतं' खोड. 'चांगलं' लिही."

त्याने खोडलं.