तिशीच्या आत मोडलेला मणका

माझा मणका मोडला तेव्हा मला तीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. मी पडले नव्हते, कुठे आपटले नव्हते. कूलरमध्ये पाणी ओतायला बादली उचलली, पाठीत काहीतरी कट्कन मोडलं आणि मी तिथेच खाली बसले.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "काम आलं का हिची पाठ दुखते." नवऱ्याने पेपरातून मान वर केली नाही.

त्याआधी काही वर्षांपासून मला ल्युपस होता. यात शरीर स्वतःवरच उलटतं. गालांवर लाल चट्टे, बोटं सुजलेली, पुढे मूत्रपिंडांनाही सूज. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मी जगले, हे मी नाकारत नाही. उन्हात जाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून नागपूरसारख्या गावात मी खिडक्यांना चादरी लावून राहत होते. पाठ दुखते म्हटलं, की डॉक्टर म्हणत, "बायकांची दुखतेच."

शेवटी आई आली. तिने मला रिक्षात बसवून त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मी तिचा हात आवळत होते.

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरला. "मणका दबलाय. इतके दिवस स्टेरॉइड घेतल्यावर हाडं अशी ठिसूळ होतात."

"तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"माहीत असतंच. पण तेव्हा तुमचा जीव वाचवायचा होता."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गोळ्या सोडल्या असत्या."

मी शाळेत आठवीला विज्ञान शिकवत होते. हाडं कशाने बनतात, हे फळ्यावर लिहून देत होते. आणि या माणसाने परस्पर ठरवून टाकलं होतं की मला कळणार नाही. मला राग आला. माझ्याआधी आईच बोलली, "माह्या पोरीले येडी समजले काय तुम्ही?"

मी सासरी परतले नाही. आईकडे कमरेला पट्टा बांधून पडून राहिले. डोस हळूहळू कमी झाला, कॅल्शियम सुरू झालं. पुन्हा शाळेत उभी राहिले तेव्हा उंची दोन बोटं कमी झाली होती आणि साडी पायात येत होती.

नंतर एकदा त्याच दवाखान्याच्या बाकावर एक मुलगी भेटली. तोच आजार, त्याच गोळ्या. मी तिला म्हटलं, "हाडांचं काय करायचं, हे आत गेल्यावर विचार. गोळ्या मात्र आपल्या मनाने सोडू नको."

तिने विचारलं. डॉक्टर मला बाहेर येऊन म्हणाले, "बाई, माझ्या पेशंटना घाबरवू नका."

"मग तुम्ही सांगत जा," मी म्हटलं, आणि तिथेच बसून राहिले.