तांदळात ठेवलेला जीपीएस

किनाऱ्याला बांधलेल्या होडीत भावाला जीपीएस समजावून बाबा उतरत होते, तेव्हा तो त्यांच्या हातातून सुटला आणि खाऱ्या पाण्यात पडला. भावाने लगेच बाहेर काढला, तरी पडदा काळा. मी घरातली शिकलेली, म्हणून सगळ्यांना गप्प करून तो रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. भिजलेल्या मोबाइलचं हेच करतात, एवढं मला ठाऊक होतं.

त्यात बाबांनी वर्षानुवर्षं टिपलेल्या खुणा होत्या, पाण्याखालच्या खडकांच्या. तिथे होडीचा तळ फुटतो. बाबांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी समुद्रावर जायला सक्त मनाई केलेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ पहिल्यांदाच त्यांच्याशिवाय होडी नेणार होता, ती ह्या खुणांच्या भरवशावर.

सकाळी मालवणच्या बाजारात दुरुस्तीवाल्याने त्यातले तांदूळ झटकले आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाय, तुमी जाळी कित्यात धुतास? गोड्या पाण्यात मां? मगे ह्यां तांदळात कित्याक घातलंस? मीठ आत सुकलां, गेलां नाय."

जाळी मी लहानपणापासून धूत आले. मला स्वतःचाच संताप आला.

माझा नवा, पातळ फोन भिजला तेव्हा ह्याच माणसाने हात टेकले होते. पाठ गोंदाने चिकटवलेली, उघडायला गेलं तर काच फुटणार. मी मुकाट्याने दुसरा घेतला. बाबांच्या ठोकळ्याला मात्र चार स्क्रू होते. त्याला मी इतकी वर्षं डबडं म्हणून हिणवलं, आणि आता ते स्क्रू सुटताना श्वास रोखून उभी होते.

आत हिरवा गंज धरला होता. दुरुस्तीवाल्याने गोड्या पाण्याने धुतलं, स्पिरिट लावून ब्रशने घासलं, सुकवलं. दुपारी पडदा उजळला.

"बेगीन लिवन घे गो!" तो ओरडला.

मी घाईघाईने वहीत खुणांचे आकडे उतरवू लागले. अकरा खुणांपैकी आठ झाल्या आणि पडदा विझला, तो पुन्हा पेटलाच नाही. कालच आणला असता तर वाचला असता, असं तो म्हणाला.

संध्याकाळी किनाऱ्यावर मी वहीतला कागद फाडून भावाला दिला, आकडे त्याच्या मोबाइलमध्ये टाकायला. बाबांनी विचारलं, किती? मी सांगितलं, पहिल्या आठच.

"उरलेले तीन माका ठावक आसत," म्हणत त्यांनी ऑपरेशननंतर घातलेला काळा चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि ते होडीत चढले.

मी अडवलं नाही. अडवायला मला तोंडच नव्हतं.